मोती, जपमाळ आणि ‘ध’चा ‘मा’

मराठी घरात न्यायाधीशाचा विषय निघाला की पहिले नाव येते रामशास्त्री प्रभुण्यांचे. नागपुरात तर ते सहज तोंडी असते. १९३६ साली इथे उच्च न्यायालय आले, १९६० पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, आणि आमच्या धरमपेठेतून जाणाऱ्या हमरस्त्याचे नावच वेस्ट हायकोर्ट रोड. आजूबाजूच्या गल्ल्यांत वकिलांच्या पाट्या आहेत. दिवसभराच्या कोर्टातल्या गोष्टी संध्याकाळी घरोघरी येतात, आणि एखाद्या न्यायमूर्तींनी सरकारला खडे बोल सुनावले की कुणीतरी म्हणतेच, “याला म्हणतात रामशास्त्री बाणा!”

पण बाणा शिल्लक राहिला आणि गोष्ट मागे पडली. शाळेच्या पुस्तकात ती एका पानात आटोपते. खरे तर मराठीने पिढ्यान्‌पिढ्या सांगून घोटीव केलेली ही एक सुंदर रचना आहे. तिच्यात काय येते, कशानंतर येते आणि ती कुठे थांबते, हे सावकाश वाचायला हवे. असे वाचताना ती आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षा मोठी निघते.

गोष्ट आपल्यापर्यंत दोन वाटांनी आली. एक घरातली, आजीआजोबांच्या तोंडची. दुसरी ग्रँट डफच्या इतिहासातली. पेशवाई बुडाल्यावर हा ब्रिटिश अधिकारी साताऱ्याला नेमला गेला आणि १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. रामशास्त्र्यांचे गाव माहुली, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. शास्त्रीबोवा वारले १७८९ मध्ये. म्हणजे ग्रँट डफ माहिती गोळा करत होता तेव्हा त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. जिंकलेल्यांबद्दल लिहिताना हात राखून लिहिणारा हा लेखक रामशास्त्र्यांपाशी आला की त्याच्या लेखणीत आदर उतरतो. पुढे १९४४ मध्ये ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ हा बोलपट काढला आणि गजानन जागीरदारांच्या रूपाने शास्त्रीबोवांना चेहरा मिळाला. आज अनेकांच्या मनात तोच चेहरा आहे.

गोष्टीचा पहिला प्रवेश घडतो साताऱ्यात, एका सावकाराच्या घरी. राम विश्वनाथ प्रभुणे हा विशीच्या आसपासचा पोरगा तिथे शागीर्द आहे. पडेल ते काम करायचे, पाणी भरायचे, मालकाच्या पायांवर पाणी घालायचे. अक्षरशत्रू म्हणावा इतका अशिक्षित. एके दिवशी मालक मोत्यांचे दागिने पाहतो आहे. पोरगा पायांवर पाणी घालता घालता मोत्यांकडे पाहत राहतो आणि पाण्याची धार भलतीकडेच पडते. मालक टोचून बोलतो की असले मोती अंगावर यायला विद्या लागते नाहीतर तलवार, ते तुझ्यासारख्याच्या वाट्याचे नव्हेत. पोरगा घर सोडतो आणि काशीची वाट धरतो. परंपरा सांगते की तिथे बाळंभट्ट पायगुंड्यांसारख्या गुरूपाशी, आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांच्या पंक्तीत बसून, त्याने शून्यापासून अध्ययन केले.

या प्रवेशातली कारागिरी पाहा. अपमान झाला तो मोत्यांवरून. साधी गोष्ट असती तर पुढे कधीतरी नायकाच्या गळ्यात मोत्यांचा कंठा पडला असता आणि मालक खाली मान घालून उभा राहिला असता. ही गोष्ट तसे करत नाही. विद्या आली, मान आला, पेशव्यांच्या दरबारात जागा मिळाली, आणि तोवर मोत्यांची ओढच सुटली. मालकाचे बोलणे खरे ठरले आणि निरर्थकही ठरले. गोष्टीने हे कुठे बोलून दाखवलेले नाही, पुढच्या सगळ्या प्रवेशांतून मात्र ते दिसत राहते.

१७५९ मध्ये रामशास्त्री पुण्याच्या दरबारात मुख्य न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी पानिपत झाले, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. दुसरा प्रवेश या तरुण पेशव्याचा आहे. माधवराव जपजाप्यात रमू लागले. कामे घेऊन आलेली माणसे ताटकळत बसायची आणि पेशवे आसनावर. एकदा खुद्द शास्त्रीबोवाच आले आणि पेशवे मौनात असल्याचे पाहून परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जायची रजा मागितली. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे : ब्राह्मणाचे कर्म करायचे असेल तर गादी सोडा, आपण दोघे गंगेच्या काठी जाऊन बसू. गादीवर बसायचे असेल तर रयतेचे काम हाच तुमचा जप. माधवरावांनी ऐकले.

हा प्रवेश सांगताना आपण भर देतो तो शास्त्र्यांच्या परखडपणावर. मला त्यातली रजेची मागणी जास्त मोलाची वाटते. सल्ला देणारे दरबारात पुष्कळ असतात. पण सल्ल्याआधी स्वतःची जागा सोडायची तयारी समोर ठेवली की शब्दाला वजन येते. आणि ते वजन धमकीचे नाही. “दोघे जाऊ” म्हणताना शास्त्री स्वतःला त्याच नियमाखाली आणतात. जो नियम धन्याला, तोच आपल्याला. न्यायाधीशाची पहिली पात्रता या एका मागणीत उभी राहते. गोष्ट सांगणाऱ्यांना हे पक्के कळले होते, म्हणूनच मोठ्या खटल्याच्या आधी हा छोटा प्रवेश येतो. पुढे जे घडणार त्याची इथे तालीम झालेली आहे.

मधले प्रसंग छोटे आहेत. शास्त्रीबोवांची पत्नी वाड्यावर गेली, तिथे तिला दागदागिन्यांनी सजवून पालखीतून घरी पाठवले. शास्त्र्यांनी दारातच सांगितले की बाई, आपण घर चुकलात. दुसरा प्रसंग श्रावणातल्या दक्षिणेचा. ब्राह्मणांच्या रांगेत शास्त्र्यांचे सख्खे बंधू आले. जवळ बसलेल्या नाना फडणिसांनी सुचवले की यांना जरा जास्त द्यावे. शास्त्री म्हणाले, यांची विद्या चारचौघांसारखीच आहे, तेव्हा दक्षिणाही चारचौघांइतकीच. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरून देईन. या दुसऱ्या प्रसंगात रूक्षपणा नाही, हे लक्षात घेण्याजोगे. भावाला ते झिडकारत नाहीत, त्याचे देणे मान्य करतात. सरकारी पेटी आणि घरची पेटी एवढ्या दोनच गोष्टी ते वेगळ्या ठेवतात. ग्रँट डफ नोंदवतो की त्यांच्या घरात एका दिवसाला पुरेल त्यापेक्षा जास्त शिधा नसे. ज्याला उद्याची चिंता नाही त्याला विकत कसे घेणार? दागिने, दक्षिणा, शिधा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी गोष्टीने ओळीने मांडल्या आहेत त्या याचसाठी. निवाडा कठीण असतो तेव्हा पायाखालची जमीन आधीच घट्ट केलेली लागते.

मग येतो तो प्रसंग. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव गेले. धाकटे नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना ठार केले. चुलते रघुनाथराव यांच्याकडे सत्ता आली. शास्त्रीबोवांनी चौकशी सुरू केली. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे ती सुमारे दीड महिना चालली. तोवर राज्य ज्याच्या हाती, संशय त्याच्यावर, आणि न्यायाधीश त्याचाच चाकर, अशी ही स्थिती होती. रघुनाथरावांनी कबूल केले की पुतण्याला कैद करायची परवानगी आपण दिली होती, मारायची नव्हे. मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती आला तेव्हा दिसले की ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आहे. ‘ध’चा ‘मा’. अक्षर फिरवल्याचा ठपका रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंवर आला आणि मराठीला एक वाक्प्रचार कायमचा मिळाला.

अक्षर फिरवणाऱ्यांच्या नाट्याने आपण इतके भारून जातो की कागद शोधणारा माणूस नजरेआड होतो. पेशवाईतल्या न्यायाची पद्धत कागदावर उभी होती. फिर्याद करणारा अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घ्यायच्या, निवाडा मानू म्हणून दोघांकडून राजीनामे घ्यायचे, जामीन घ्यायचे, साक्षीदार तपासायचे, आणि शेवटी निवाडपत्र. वतनाच्या, वाटणीच्या, सावकारीच्या शेकडो तंट्यांत रामशास्त्र्यांनी हेच केले होते. अक्षर ओळखण्याची, खाडाखोड हेरण्याची, कागदाचा आधीचा हात आणि नंतरचा हात ताडण्याची सवय त्या रोजच्या कामातून आलेली. पेशव्याच्या खुनाच्या तपासात त्यांनी नवी कोणतीच विद्या वापरली नाही. एखाद्या पाटीलकीच्या भांडणाला जी लावली असती तीच त्यांनी राज्यकर्त्याला लावली. या प्रवेशाचे खरे तेज मला इथे दिसते.

निकाल सगळ्यांना पाठ आहे. प्रायश्चित्त काय, असे रघुनाथरावांनी विचारले आणि शास्त्र्यांनी देहान्त सांगितला. पण त्यांचे पुढचे बोलणे नीट वाचले पाहिजे. तुम्ही कारभारावर आहात तोवर मी चाकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे ते बोलले, आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. या प्रतिज्ञेला मुदत आहे. ‘तुम्ही आहात तोवर.’ संतापाने घर सोडणारा माणूस कायमचे तोडून जातो. शास्त्र्यांचा राग पदावर नाही, पुण्यावर नाही, राज्यावर नाही. एका माणसाच्या हाताखाली न्याय होऊ शकत नाही एवढेच त्यांचे म्हणणे, आणि प्रतिज्ञा तेवढीच, नेमकी. निकाल देताना लागणारी काटेकोर भाषा त्यांनी स्वतःच्या शपथेलाही लावली.

पुण्याच्या या भांडणाची धग आमच्या नागपूरलाही लागली. जानोजी भोसले १७७२ मध्ये गेल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांत वारशाचे भांडण पेटले होते. मुधोजी रघुनाथरावांच्या बाजूचे, साबाजींना पुण्याच्या कारभाऱ्यांचे पाठबळ. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला दोघे भिडले आणि साबाजी मारले गेले. एका घरात चुलत्याने पुतण्याचा बळी घेतला, दुसऱ्या घरात भाऊ भावाच्या लढाईत पडला. पुण्याला निदान एक निवाडा झाला होता. पाचगावचा तंटा निवाड्यापर्यंत पोचलाच नाही, रणातच मिटला. शास्त्रीबोवांच्या त्या दीड महिन्याच्या चौकशीची किंमत नागपूरच्या माणसाला यावरून कळावी.

आपल्या सांगण्यात गोष्ट इथे संपते. शास्त्री पाठ फिरवून चालू लागतात आणि पडदा पडतो. प्रत्यक्षात आयुष्य पुढे होते. कारभार कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाच्या हाती गेला, रघुनाथराव दूर झाले, प्रतिज्ञेची मुदत पुरी झाली आणि शास्त्रीबोवा पुण्याला परतले. नाना फडणिसांच्या कारभारात ते पुन्हा न्यायासनावर बसले ते १७८९ मध्ये डोळे मिटेपर्यंत. याच काळात ते वाटण्या, वतने, कर्जे, सोयरिकी यांचे तंटे निवडत होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची मुलगी बालपणी विधवा झाली तेव्हा तिचा पुनर्विवाह करायला हरकत नाही, असे मत त्यांनी दिल्याचे सांगतात. या वर्षांवर बोलपट निघत नाहीत. मला मात्र वाटते की रामशास्त्री समजायला निघून जाणे आणि परत येणे ही दोन्ही पावले एकत्र वाचावी लागतात. निघून जाण्याने त्यांनी न्यायासनाची अब्रू राखली. परत येऊन त्यांनी ते आसन चालवले.

हे परत येणे किती मोठे, हे मला उमगले ते त्यांच्याच काळातल्या, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या एका माणसाच्या चरित्रामुळे. रॉजर शर्मनचा जन्म १७२१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचा. बाप शेती करी आणि जोडे शिवी. पोरगाही तेच शिकला. शाळा जेमतेम. पण गावचे पाद्री शिकलेले होते, घरात पुस्तके होती, आणि सांगतात की आरी-रापी चालवताना बाकावर पुस्तक उघडे असे. बाप वारल्यावर १७४३ मध्ये तो कनेक्टिकटमधल्या न्यू मिलफर्डला गेला. लोककथा म्हणते की हत्यारे पाठीला बांधून तो पायीच गेला. तिथे गणिताच्या बळावर जमिनीची मोजणी करणारा झाला, पंचांगे छापली, दुकान चालवले, कायदा स्वतःच वाचून १७५४ मध्ये वकील झाला, पुढच्याच वर्षी विधिमंडळात गेला. १७६६ मध्ये तो कनेक्टिकटच्या वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि १७८९ पर्यंत त्या आसनावर राहिला. रामशास्त्र्यांचे निधन आणि शर्मनचे न्यायासन सोडणे एकाच सालातले.

शर्मनच्या चरित्रात बाणेदार प्रवेश शोधून सापडत नाही. दिसायला ओबडधोबड, बोलायला अवघडलेला, असे त्याला पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पण अमेरिकेच्या चारही पायाभूत दस्तऐवजांवर सही असलेला तो एकटाच माणूस : १७७४ चा बहिष्काराचा करार, १७७६ ची स्वातंत्र्याची घोषणा, राज्यसंघाची कलमे आणि १७८७ ची राज्यघटना. घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेली सभा मोडायच्या बेतात आली होती. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहानांना बरोबरी. ११ जूनला शर्मनने सुचवले की खालच्या सभागृहात लोकसंख्या मोजा आणि वरच्यात प्रत्येक राज्याला सारखे मत द्या. सूचना फेटाळली गेली. तो रागावला नाही, उठून गेला नाही, पुन्हा पुन्हा बोलत राहिला. १६ जुलैला पाच विरुद्ध चार राज्ये असा, एका राज्याच्या फरकाने, मार्ग निघाला.

त्याच्या हाताची आणखी एक खूण आजही दिसते. १७८९ मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या आल्या तेव्हा त्या मांडणाऱ्या मॅडिसनला त्या मूळ मजकुरात विणायच्या होत्या. शर्मनने धरून ठेवले की सह्या झालेला मजकूर तसाच राहू द्या, दुरुस्त्या शेवटी जोडा. ते मान्य झाले. म्हणून अमेरिकेची घटना उघडली की आधी १७८७ ची घटना आणि तिच्यामागे एकेक दुरुस्ती, असा क्रम दिसतो. आपल्या घटनेत दुरुस्ती मूळ कलमातच मिसळते. लिहून झालेल्या कागदाला हात लावायचा नाही, ही शर्मनची निष्ठा वाचताना मला शनिवारवाड्याचा तो कागद आठवतो. एका अक्षराने जीव गेलेला रामशास्त्र्यांनी पाहिला होता. ही दोन माणसे एकमेकांना कधीच कळली नाहीत, पण कागदाविषयीचा धाक दोघांत सारखा आहे.

लहान-मोठ्यांचा तंटा विदर्भाला परका नाही. मुंबईसारख्या बलाढ्य भागाबरोबर नांदायचे तर आपल्या वाट्याची हमी हवी, म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. दरवर्षी इथे भरणारे हिवाळी अधिवेशन ही त्याचीच खूण. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला १, म्हणजे शर्मनची वाट आपण घेतलेली नाही. पण करार टिकवायला सही करणाऱ्यानंतर वर्षानुवर्षे तिथे बसून राहणारी माणसे लागतात, हा त्याच्या आयुष्याचा धडा विदर्भाच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

या दोन आयुष्यांत एक मोठा फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय रसग्रहण प्रामाणिक होणार नाही. कनेक्टिकटमध्ये जोडे शिवणारा न्यायाधीश होऊ शकला. पुण्यात सावकाराचा शागीर्द न्यायाधीश झाला, पण तो ब्राह्मणाचा मुलगा होता म्हणून काशीचे दार त्याला उघडले. त्याच साताऱ्यातल्या, त्याच वयाच्या एखाद्या चर्मकाराच्या मुलाला ते उघडले नसते. अमेरिकेतही गुलामांना आणि स्त्रियांना ती वाट बंदच होती. मात्र शर्मनने रिचर्ड लॉ यांच्यासह कनेक्टिकटचे कायदे तपासून मांडले, त्यातूनच १७८४ मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा तिथे आला. आपल्याकडे दार उघडायला बाबासाहेब यावे लागले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून १९३७ मध्ये विधानसभेत गेलेले रा. रा. भोळे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. धरमपेठेपासून जवळच असलेली दीक्षाभूमी या शहराला रोज सांगते की ती वाट कुणी आणि कोणत्या किमतीवर मोकळी केली. रामशास्त्र्यांना मान देताना हे विसरायचे नाही. न्यायाधीश कसा असावा हे त्यांनी दाखवले. न्यायाधीश कोण होऊ शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या काळाजवळ नव्हते.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की रामशास्त्र्यांची गोष्ट सांगताना तिला अर्ध्यावर थांबवू नये. मोती सांगावेत, जपमाळ सांगावी, ‘ध’चा ‘मा’ तर सांगावाच. पण त्यानंतर मुलांना हेही सांगावे की शास्त्रीबोवा परत आले, आणि कुणाचे नाव इतिहासात नाही अशा माणसांचे तंटे शेवटपर्यंत निवडत राहिले. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सामान्य पक्षकाराला त्याच रामशास्त्र्यांची गरज असते. सत्तेला नकार देणारा न्यायाधीश एखाद्या पिढीत एखादाच लागतो. पण रोज सकाळी वेळेवर येऊन दोन्ही बाजूंचे कागद मन लावून वाचणारा न्यायाधीश प्रत्येक खटल्यात लागतो, आणि ते कागद वाचणेही रामशास्त्री बाण्याचेच आहे.